चरबी किती, यापेक्षा चरबी कुठे?

मागच्या महिन्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, एक जोडपं दवाखान्यात आलं. नवरा अठ्ठेचाळीस वर्षांचा, बायको चाळिशीची. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) खुर्चीवर बसायच्या आधीच नवरा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हिचं वजन लई वाढायलंय. काहीतरी गोळी द्या." बाई खाली मान घालून बसल्या.

मी दोघांनाही काट्यावर उभं केलं. बाई ६४ किलो, नवरा ६६. मग टेप काढला. बाईंची कंबर ७८ सेंटिमीटर, नितंबांचा घेर १०२. नवऱ्याचं पोट ९९ आणि नितंब ९४. हातपाय काटकुळे, आणि पोट मात्र शर्टाच्या बटणांना ताण देत होतं. दुसऱ्या दिवशी दोघांना उपाशीपोटी बोलावलं. बाईंची शुगर नॉर्मल. नवऱ्याची १४८, आणि बीपीही वाढलेला.

म्हणजे गोळी लागणार होती ती नवऱ्याला. बाईंनीही पाच-सहा किलो कमी केले तर त्यांचे गुडघे दुवा देतील, पण तातडीचा पेशंट कोण, हे काट्याने सांगितलं नव्हतं, टेपने सांगितलं.

असं का व्हावं? चरबी ती चरबीच, मग मांडीवरची वेगळी आणि पोटातली वेगळी कशी? हे कोडं वैद्यकशास्त्राला फार उशिरा पडलं आणि सुटायला त्याहून उशीर लागला. त्यातला एक मोठा भाग आपल्या पुण्याजवळच्या खेड्यांत सुटला आहे. आज तीच गोष्ट सांगतो.

शिल्पकारांना दिसलं ते वैद्यांनी मोजलं नाही

तुमच्यापैकी अनेकांनी निलंग्याचं नीलकंठेश्वराचं देऊळ पाहिलं असेल. देगलूरजवळच्या होट्टलची चालुक्यकालीन देवळंही पाहिली असतील. नसतील तर एखाद्या रविवारी जाऊन या. भिंतींवरच्या सुरसुंदरी नीट बघा. कंबर मुठीत मावेल अशी, आणि नितंब-मांड्या भरलेल्या. त्याच्याही हजारभर वर्षं आधी तेर आणि भोकरदन या गावांत हस्तिदंताच्या स्त्रीमूर्ती घडत होत्या. त्यांच्याशी मिळतीजुळती, वीतभर उंचीची एक मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पॉम्पेईच्या ढिगाऱ्यात सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीचीच. तिचीही ठेवण तीच.

आता पुरुष बघा. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेला एक यक्ष सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडवला, असं त्याच्यावर कोरलेलं आहे. ठेंगणा, हसरा आणि ढेरपोट्या. यक्ष हे धनाचे राखणदार, त्यांचा राजा कुबेर, आणि कुबेराला ढेरी हवीच. पोट म्हणजे खात्यापित्या घराची खूण, ही समजूत दोन हजार वर्षांची तरी आहे. सुटलेल्या पोटावरून हात फिरवत "सुखाचं पोट आहे साहेब" म्हणणारे गृहस्थ मला अजून आठवड्याला दोन तरी भेटतात.

थोडक्यात, बाईची चरबी खाली साठते आणि बाप्याची मध्ये, हे शिल्पकारांना पक्कं ठाऊक होतं. वैद्यांनी मात्र तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचं वर्णन आहे. चालताना ज्याचे नितंब, पोट आणि स्तन हलतात आणि ज्याच्या अंगात देहाच्या मानाने बळ नसतं, तो अतिस्थूल. त्याचं आयुष्य घटतं, भूक-तहान अति वाढते, हेही चरकांनी लिहून ठेवलं आहे. निरीक्षण म्हणून ते अचूक आहे. पण नितंब आणि पोट एकाच यादीत, शेजारी शेजारी. कुठली चरबी जास्त घातक, हा प्रश्न तिथे नाही. युरोपातही विसाव्या शतकापर्यंत हीच स्थिती होती. डॉक्टर आणि विमा कंपन्या वजन पाहायच्या, उंचीच्या तक्त्याशी ताडायच्या, आणि संपलं.

मार्सेलचा डॉक्टर

१९४७ साली फ्रान्समधल्या मार्सेल शहरात झाँ व्हाग नावाच्या डॉक्टरांनी एका फ्रेंच वैद्यकीय नियतकालिकात छोटासा लेख लिहिला. (तेव्हा आपलं अहमदपूर निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होतं.) व्हाग हे हार्मोन्सच्या आजारांचे डॉक्टर. त्यांच्याकडे लठ्ठ माणसं रोज यायची. त्यांच्या लक्षात आलं की सारख्याच वजनाच्या दोन बायकांपैकी एकीला मधुमेह होतो आणि दुसरी ठणठणीत राहते. जिला होतो तिची चरबी पुरुषासारखी साठलेली असते, मानेवर, दंडावर, पोटावर. जी बरी असते तिची बाईसारखी, नितंब-मांड्यांवर.

पहिल्या ठेवणीला त्यांनी 'अँड्रॉइड' म्हटलं, म्हणजे पुरुषी. तुमच्या मोबाइलातला अँड्रॉइड हा शब्दही त्याच ग्रीक मुळापासून आला आहे. दुसऱ्या ठेवणीला 'गायनॉइड', म्हणजे स्त्रीसारखी. पुढे लोकांनी सोपं करून 'सफरचंद' आणि 'नाशपाती' केलं. आपल्याकडे नाशपाती कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून मी पेशंटला माठ आणि सुरई सांगतो.

व्हाग यांच्याजवळ सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हता. दंडाची आणि मांडीची कातडी चिमटीत धरून त्यांनी जाडी मोजली, घेर मोजला आणि दोन्हींचं गुणोत्तर काढलं. पुरुषी ठेवण जितकी जास्त तितका मधुमेह, रक्तवाहिन्यांचा कडकपणा आणि गाऊट जास्त, हे त्यांनी १९५६ मध्ये इंग्रजीतही लिहिलं. त्यांचं महत्त्वाचं म्हणणं असं, की ठेवण पुरुषी असू शकते पण माणूस पुरुषच असेल असं नाही. माठासारख्या बायका असतात आणि सुरईसारखे पुरुषही असतात. ज्याची ठेवण माठाची त्याला धोका.

पंचवीस-तीस वर्षं हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मग १९८४ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातून दोन अभ्यास एकाच वर्षी प्रसिद्ध झाले. एकात १९१३ साली जन्मलेले ७९२ पुरुष होते. ते ५४ वर्षांचे असताना त्यांची कंबर आणि नितंब मोजले होते आणि पुढे तेरा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. दुसऱ्यात ३८ ते ६० वयाच्या १,४६२ बायका, बारा वर्षं. दोन्हींचं उत्तर एकच आलं. हार्ट अटॅक किंवा पक्षाघात कुणाला होणार, हे निव्वळ वजनापेक्षा कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तराने चांगलं कळत होतं. शिंप्याच्या टेपने काट्याला मागे टाकलं.

पेव आणि गल्ला

आता 'का' हे बघू. तरुण, निरोगी पुरुषाच्या वजनात साधारण १५ टक्के चरबी असते, बाईच्या वजनात २५ टक्क्यांच्या आसपास. हा दोष नाही, ही सोय आहे. लहानपणी मुलगा-मुलगी यांच्या अंगात फार फरक नसतो. पाळी सुरू व्हायच्या सुमारास इस्ट्रोजेन वाढतं आणि नितंब-मांड्यांच्या पेशींना रक्तातली चरबी उचलून साठवायचा हुकूम मिळतो. एकदा तिथे गेलेली चरबी सहजी सुटत नाही. म्हणूनच "सगळीकडचं उतरलं, मांड्यांचं उतरेना" ही बायकांची तक्रार असते. ती खरी आहे.

आमच्या भागात पूर्वी ज्वारी पेवात साठवायचे. जमिनीत खोल खड्डा, आतून लिंपलेला, तोंड बंद. रोजच्या भाकरीसाठी कुणी पेव उघडत नसे, अडीनडीलाच उघडायचे. मांडीवरची चरबी तशी आहे. तिची अडीनडी म्हणजे बाळाला दूध पाजण्याचे महिने. दूध तयार व्हायला शरीराला रोज सुमारे ५०० कॅलरी जादा लागतात, आणि त्या काळात मांड्यांची चरबी सैल होऊन वापरात येऊ लागते. दुष्काळी मुलखात ज्या बाईचं पेव भरलेलं, तिचं तान्हं तगलं.

पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी मात्र दुकानाच्या गल्ल्यासारखी. दिवसभर आत-बाहेर चालूच. धावायला, भांडायला, ओझं उचलायला लगेच हाताशी. पण तिच्यातून सुटणारी चरबी आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून थेट लिव्हरमध्ये जाते. खर्च झाली तर ठीक. दिवसभर खुर्चीत किंवा मोटारसायकलवर बसून खर्च होत नसेल, तर लिव्हरवर थर चढतो, इन्शुलिनला लिव्हर दाद देत नाही, शुगर आणि ट्रायग्लिसराइड्स वाढतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर ग्रेड वन' लिहून येतं आणि तुम्ही माझ्याकडे येऊन विचारता, "मी तर दारू पीत नाही, मग लिव्हर कसं खराब झालं?" असं झालं.

कातडीखालची चरबी आणि आतली चरबी वेगळी वागते, याचा मोठा मासलेवाईक पुरावा २००४ मध्ये अमेरिकेतून आला. पंधरा लठ्ठ बायकांच्या पोटावरची कातडीखालची चरबी लायपोसक्शनने काढली, प्रत्येकीची जवळजवळ दहा किलो. दहा ते बारा आठवड्यांनी तपासलं तर बीपी, कोलेस्टेरॉल, इन्शुलिनची कामगिरी, सगळं होतं तिथेच. दहा किलो घाम गाळून घटवले असते तर हे सगळं सुधारलं असतं. कारण घाम गाळल्यावर आधी गल्ला रिकामा होतो. मोठ्या शहरांतल्या जाहिराती पाहून विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उलटा पुरावाही आहे. काही दुर्मिळ आनुवंशिक आजारांत हातापायांवरची आणि नितंबांवरची चरबी वयात येताना नाहीशी होते. अशा बायका दिसायला पिळदार दिसतात, पण त्यांना तरुणपणीच मधुमेह आणि फॅटी लिव्हर होतं. साठवायला पेवच नसेल तर धान्य घरभर सांडणारच.

पाळी गेली की बाईचं चित्र बदलतं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. इस्ट्रोजेन ओसरलं की नव्या चरबीचा पत्ता बदलतो, ती पोटात जायला लागते. वजन तेवढंच असतं, पण सुरईचा माठ होत जातो. त्यात आमच्या भागात 'पिशवी काढलेल्या' तरुण बायका फार. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समितीही नेमली गेली. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले तर हार्मोन्स सुरू राहतात, तरीही ते काही जणींत लवकर थकतात. अंडाशयही काढले असतील तर पस्तिशीतली बाई एका दिवसात पन्नाशीत जाते. अशा बाईची शुगर आणि बीपी तपासायला चाळिशीची वाट पाहू नका.

माझी चूक

हे सगळं वाचून वाटेल की बारीक माणसाला काळजी नाही. मलाही तसंच वाटायचं.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मावशी यायच्या, पंचेचाळीसच्या आसपासच्या. वजन ४७ किलो. अशक्तपणा, जागेवर खाज, पायांना मुंग्या. मी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, खाजेचं मलम दिलं, पुन्हा आल्या तेव्हा पुन्हा तेच दिलं. शुगर तपासली नाही. बारीक बाई, शेतात राबणारी, तिला कसला मधुमेह, असं डोक्यात बसलेलं होतं. आठ-नऊ महिन्यांनी त्या पायाला चिघळलेली जखम घेऊन आल्या. शुगर ३८० निघाली. दोन बोटं काढावी लागली.

ड्रेसिंगच्या वेळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मावशींचे दंड काडीसारखे आहेत, पण लुगड्याखाली पोट चांगलं पुढे आहे. मी कधी बघितलंच नव्हतं. पुरुषाच्या पट्ट्याला भोकं असतात, पँटला नंबर असतो, वाढ कळते. (तीही पूर्ण कळत नाही. "माझी पँट अजून ३४ चीच आहे" म्हणणारे ती पोटाच्या खाली बांधतात.) परकराची नाडी मात्र वर्षानुवर्षं सैल होत जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्यात "बाळंतपणाचं पोट आहे" हे उत्तर तयार असतं. बाळंतपण वीस वर्षांपूर्वी झालेलं असतं.

बारीक मधुमेही जुन्या वैद्यांना माहीत होता. सुश्रुतांनी मधुमेहींचे दोन प्रकार केले होते, एक जन्मतः आलेला आणि कृश, दुसरा खाण्यापिण्याने आलेला आणि स्थूल. मावशी मात्र दोन्हींत बसत नव्हत्या. हातापायांनी कृश आणि पोटाने स्थूल, असा हा आपला खास प्रकार.

पुण्याजवळची सहा खेडी

मी एमबीबीएस संपवत होतो त्याच सुमारास, १९९३ मध्ये, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला होता. इंग्लंडमधल्या साऊदम्प्टनचे संशोधक सोबत होते. गावातल्या तरुण बायकांची उंची-वजन आधी नोंदवायची, दिवस राहिले की आहार नोंदवायचा, आणि बाळ जन्मलं की त्याचं माप घ्यायचं. या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. शेतातली कामं बाळंतपणाच्या तोंडापर्यंत सुरू.

बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. साऊदम्प्टनची ३.५ किलोची. आठशे ग्रॅमचा फरक. पण संशोधकांनी नुसतं वजन करून सोडलं नाही, बाळांच्या पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली, कातडी चिमटीत धरून मोजली. आणि तिथे गंमत कळली. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, उंची कमी, पण चरबी जवळजवळ राखलेली. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्या बाळांना नाव पडलं 'थिन-फॅट'. बारीक, पण चरबीदार. म्हणजे जन्मतानाच आपला सौदा ठरलेला असतो. आईच्या पोटात अन्न कमी पडलं तर शरीर मेंदू आणि चरबी वाचवतं, आणि स्नायूंवर कात्री चालवतं. शुगर जाळण्याचं मोठं काम तर स्नायूंचं.

याच अभ्यासात पुढे दिसलं की आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मूल सहा वर्षांचं होईपर्यंत इन्शुलिनला कमी दाद देऊ लागलेलं असतं. ज्या गरोदर बायकांच्या ताटात हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळं जास्त वेळा होती, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. चुका, मेथी, तांदुळजा. परसात येणाऱ्या भाज्या.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी लॅन्सेट या नियतकालिकात एक फोटो छापला. एका बाजूला ते स्वतः, शेजारी त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. तक्त्यानुसार दोघेही फिट. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. जगभरच्या मधुमेहाच्या वर्गांत हा फोटो आजही दाखवतात.

इंग्लंडमध्ये आधीच कुणकुण लागली होती. १९९१ मध्ये लंडनच्या साऊथॉल भागातल्या अभ्यासात भारतीय उपखंडातून आलेल्या मध्यमवयीन लोकांत मधुमेह १९ टक्के सापडला, गोऱ्यांत ४ टक्के. वजनात फारसा फरक नव्हता. फरक होता कंबर-नितंबांच्या गुणोत्तरात. आपलं कातडीखालचं पेवच लहान, असं आता अनेक संशोधक मानतात. ते लवकर भरतं, आणि उरलेलं पोटात आणि लिव्हरमध्ये सांडतं. गोऱ्या माणसाला ३० बीएमआयला जे होतं ते आपल्याला २५ च्या आतच होतं.

बहात्तरची लेकरं

माझा जन्म १९७१ चा. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात होती आणि माझी धाकटी बहीण तिच्या पोटात होती. रोजगार हमीच्या कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, यावर ते वर्ष निघालं. मिलोचं नाव काढलं की आई अजून तोंड वाकडं करते.

नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे उपासमार झाली. त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांना डॉक्टरांनी पन्नाशीत पुन्हा शोधून तपासलं. त्यांच्यात साखर पचवण्याची ताकद कमी निघाली. आणखी एक गोष्ट निघाली, जी आजच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांनी उपासमार सोसली होती, त्यांच्यातल्या बायकांच्या कमरेचा घेर पन्नाशीत इतर बायकांपेक्षा जास्त होता. पुरुषांत असा फरक दिसला नाही.

माझी बहीण आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. वजन ५४ किलो, पोटाचा घेर ८८, शुगरची गोळी सहा वर्षांपासून. एका घरावरून शास्त्र होत नाही, हे मला कळतं. पण माझ्या वयाचे, सत्तरीच्या दशकात या भागात जन्मलेले स्त्री-पुरुष आता ऐन मधुमेहाच्या वयात आहेत. ज्यांच्या आया उपाशी राहिल्या त्यांच्या घरी आता रेशनचा तांदूळ-गहू, चहात साखर, आणि बाजारच्या दिवशी भजी आहेत. "आम्ही तर गरिबीत वाढलो, आम्हाला श्रीमंतांचा रोग कसा?" असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो. गरिबीत वाढलात म्हणूनच.

टेप कसा लावायचा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभर पहिल्यांदा कंबर आणि नितंब मोजले. उंची-वजनाच्या हिशोबाने जास्त वजनाच्या बायका २४ टक्के निघाल्या. कंबर-नितंब गुणोत्तराने धोक्यात असलेल्या बायका ५७ टक्के. पुरुषांत हेच आकडे २३ आणि ४८. काटा ज्यांना पास करतो त्यांच्यातले इतके जण टेपवर नापास होतात, आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त. माझ्या मावशींसारख्या.

आपल्या लोकांसाठी मर्यादा अशी: पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईचा ८० च्या आत. इंचांत साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. गुणोत्तर पुरुषाचं ०.९० च्या आत, बाईचं ०.८५ च्या आत. देशोदेशी हे आकडे वेगळे आहेत. जपानने तर पुरुषाला ८५ आणि बाईला ९० असं उलटं ठरवलं, कारण त्यांनी सीटी स्कॅनवर आतली चरबी मोजली होती, आणि तेवढ्याच घेरात बाईची बरीचशी चरबी कातडीखालची, कमी त्रासाची असते. आपण ९० आणि ८० च धरायचे.

शिंप्याचा कापडी टेप चालतो, पण जुना असेल तर आधी पट्टीला लावून बघा, जुना टेप ताणलेला असतो. सकाळी काही खाण्याआधी मोजा. साडी, परकर किंवा पँट खाली सरकवा, कपड्यावरून मोजू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप येऊ द्या, बेंबी जिथे असेल तिथे नाही, कारण सुटलेल्या पोटाची बेंबी खाली घसरते. श्वास सोडून झाल्यावर वाचा. पोट आत ओढू नका. नितंबांचं माप जिथे ते सर्वांत भरलेले असतील तिथे. आमच्या दवाखान्यात बायकांचं माप सिस्टरच घेतात, तेव्हा संकोच नको.

आकडा मर्यादेबाहेर असेल तर वजन कितीही कमी असो, उपाशीपोटी शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. आणि घरात जी व्यक्ती "मला काय झालंय" म्हणते, सुनेला पुढे करते आणि स्वतः मागे राहते, तिचं माप आधी घ्या.